गोदूबाईच्या जिभेचा गुण

मधल्या वाडीत कुणाच्या डोळ्यात काही गेलं, की तो माणूस आरशाकडे जात नसे, गोदूबाईकडे जात असे. भातझोडणीच्या दिवसांत तर तिच्या पडवीत रांग लागायची. भाताचं कुसळ असो, चुलीतली राख असो, नाहीतर कातळाच्या सड्यावरच्या वाऱ्यानं उडवलेली तांबडी माती असो, गोदूबाई ते जिभेनं काढायची. आधी तांब्याभर पाण्यानं खळखळून चूळ भरायची. मग समोरच्याची मान मागे करून दोन बोटांनी पापणी उलटायची आणि जिभेचं टोक डोळ्यातून असं फिरवायची, की माणूस "अगो बाय" म्हणेपर्यंत कुसळ तिच्या तळहातावर! ते ती जमलेल्या सगळ्यांना दाखवायची. न दाखवता कुसळ फेकून दिलं, असं तिच्या हातून कधी झालं नाही.

"पन्नास वर्षं झाली," ती सांगायची. "माझ्याकडे आला आणि रडत गेला, असा एक डोळा दाखवा."

बाकीच्या वेळी तीच जीभ भल्याभल्यांना रडवायची, ती गोष्ट वेगळी. तलाठ्यापासून भटजीपर्यंत कुणाला तिनं सोडलं नव्हतं. लोक म्हणायचे, एकाच म्यानात सुरी आणि मोरपीस ठेवलंय देवानं.

अशा बाईच्या नवऱ्याचा डोळा बिघडावा, हे म्हणजे गवंड्याचं घर गळण्यासारखं झालं.

रावजी कलमं बांधायचा. पालीपासून पुढे कितीतरी बागांत जे हापूस उभे होते, त्यातले निम्मे त्याच्या बोटांतून गेलेले. रोपाच्या शेंड्याला चीर द्यायची, हापूसच्या काडीला पाचरीसारखा काप घ्यायचा, सालीला साल भिडवायची आणि पट्टी गुंडाळायची. केसाएवढी फट राहिली तरी कलम मरतं. हे सगळं तो एका डाव्या डोळ्यावर करायचा. उजव्यात लहानपणी काजू भाजताना तेल उडालं होतं, तो तेव्हाच पांढरा पडला. ("मी तेव्हा माहेरी होते," गोदूबाई लगेच सांगायची.)

त्या वर्षी, म्हणजे दोन हजार आठ साली, रावजीला सरळ काडी वाकडी दिसायला लागली. मग काडीच्या मधोमध धुरकट ठिपका आला. मग एक दिवस त्यानं काडीऐवजी अंगठ्यालाच पाचर काढली. शंभरातली नव्वद धरायची, ती कलमं तिसावर आली. संध्याकाळी सुरी पुसून ठेवताना रावजी ती दोनदा चाचपायला लागला.

रत्नागिरीच्या डॉक्टरांनी सांगितलं, "डोळ्याच्या मागच्या पडद्यावर पाणी झिरपतंय. वयामुळे होतं. डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागेल. महिन्याला एक, अशी निदान तीन. महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी कोल्हापूरहून पडद्याचे डॉक्टर येतात, ते देतील."

"पडद्याच्या मागं?" गोदूबाईनं विचारलं.

"हो."

"तिथं माझी जीभ पोचत नाय," ती म्हणाली. पाणी तिथं नेऊन डॉक्टरांनीच ठेवलं असावं, असा तिचा सूर होता.

हरिश्चंद्र, तिचा मुलगा, मुंबईला गोदीत होता. त्याचा फोन आला. "आई, बाबांबरोबर दमयंतीला पाठव. कागदपत्रं असतात. ती वाचेल."

"मी काय आंधळी आहे?"

"डोळे चांगले आहेत गो तुझे. वाचायचं म्हणतोय मी."

"दुसरी शिकलेय मी. मास्तर मेला म्हणून शाळा सुटली, नायतर तुझ्या बायकोला शिकवलं असतं." आणि तिनं फोन ठेवला. सून दमयंती दहावी झालेली, समंजस. ती मागच्या दारी भांडी घासत होती. तिनं सगळं ऐकलं आणि भांडी जरा जोरात घासली.

तर गौरी-गणपती गेल्यावर, महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी, गोदूबाई नवऱ्याला घेऊन पहिल्या एस्टीनं निघाली.

दवाखान्यात पाचसहा जण बाकावर ओळीनं बसलेले. सगळ्यांच्या डोळ्यांत थेंब, सगळ्यांच्या डोक्यावर हिरवी टोपी. ज्या डोळ्याला सुई, त्या बाजूच्या कपाळावर पट्टीचा तुकडा. शेजारी हफीजाबाई बसली होती, मिरकरवाड्याची. मुलगे दोन्ही आखातात आणि ही एकटी रिक्षानं आलेली.

"पहिली सुई?" हफीजानं विचारलं.

"यांची. मला काय धाड भरलेय?"

"माझी चौथी आहे. दुखत नाय, बाय. थेंब घालून डोळा बधिर करतात. पापणीला चिमटा लावतात, त्याचाच काय तो त्रास. मग पांढऱ्यात वायच टोचल्यासारखं होतं, की झालं. आपलं सांगतील तिथं बघायचं, हलायचं नाय." मग ती रावजीकडे वळली. "चाचा, नंतर डोळ्यात काळं गोल तरंगतं हां. घाबरू नका. माझ्या पहिल्या वेळेला मी…"

इथं गोदूबाईनं तिचं बोलणं तोडलं. डोळ्याच्या गोष्टी आपल्याला कुणी दुसऱ्या बाईनं सांगायच्या, हे तिला आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. "बाई, मी पन्नास वर्षं डोळे बघतेय," ती म्हणाली आणि कुसळांची हकिकत सुरू केली. ती पार सन बहात्तरच्या झोडणीपर्यंत आली, तोवर हफीजाला आत बोलावलं. काळ्या गोलाचं पुढे काय, ते अर्ध्यावरच राहिलं.

रावजी आत जाऊन दहा मिनिटांत बाहेर आला. डोळ्यावर पट्टी, गालावर औषधाचा पिवळा ओघळ.

"दुखलं?"

"तुझ्या बोलण्याएवढं नाय," रावजी म्हणाला.

मग सिस्टर कागद घेऊन आली. "आजी, सूचना सांगते. खाली सही करायची. सही की अंगठा?"

"सही," गोदूबाई म्हणाली.

खरी गंमत इथं झाली, आणि तिची आठवण आली की गोदूबाई अजून हातातला घास खाली ठेवते. तिनं पेन हातात घेतलं आणि सिस्टरनं वाचायला सुरुवात केली. गोदूबाईची सही म्हणजे भातलावणी. एकेक अक्षर वाकून, दम घेत लावायचं. 'गो' काढेपर्यंत सिस्टरचं पट्टी कधी काढायची ते सांगून झालं. 'दू'चा उकार खाली गेला, तो परत वर आणेपर्यंत डोळ्याला पाणी लावू नका, चोळू नका, घरचं कसलंही औषध घालू नका, हे झालं. 'बा' तर तिला शाळेपासूनच दगा द्यायचा. त्या 'बा'त काळा बुडबुडा दोन दिवसांत आपोआप विरतो, हे वाहून गेलं. आणि 'ई'ची शेपटी वळवताना तिनं जीभ दातांत धरली होती, तेव्हा सिस्टर सांगत होती, की दुखायला लागलं, लाल झालं, दिसणं कमी झालं, तर रात्र असो की सण असो, त्याच दिवशी या.

"समजलं ना, आजी?"

"न समजायला काय झालं?" सही सुरेख आली होती. ती होती तिथं वर छापलेलं होतं: मला सर्व सूचना समजावून सांगितल्या आहेत व त्या मला समजल्या आहेत.

सिस्टरनं थेंबांची बाटली आणि सूचनांचा दुसरा कागद दिला. कागदावर दवाखान्याचा फोन नंबरही होता. गोदूबाईनं तो घडी करून पिशवीत ठेवला. दमयंती वाचेल, असं तिच्या मनात आलं. मग मुलाचा फोन आठवला आणि मनात आलं, मीच वाचीन.

पण बाजारात बांगडे आले होते. श्रावण आणि गणपती मिळून घरात दीड महिना मासळी शिजली नव्हती. बांगडे इतके ताजे, की कोळणीच्या टोपलीतून त्यांनीच गोदूबाईला हाक मारली म्हणा. घासाघीस करून तिनं डझनभर घेतले आणि त्याच पिशवीत घातले. एस्टीत पिशवी मांडीवर. पालीला उतरेपर्यंत लुगडं ओलं झालं. घरी येऊन तिनं पिशवी उपडी केली, तर बाटली ठीक होती. कागदाचा मात्र भिजून लगदा झालेला, त्याला खवले चिकटलेले. एक अक्षर शिल्लक नव्हतं.

दमयंती आत येत होती. गोदूबाईनं लगदा उचलला आणि चुलीत टाकला. तो ओला, लवकर पेटेना. तिनं फुंकणीनं फुंकून जाळला.

"आई, दवाखान्यातून कागद दिला असेल ना?"

"दिला. वाचला मी."

"काय लिहिलंय?"

"थेंब दिवसातून चार वेळा. आणि काय असणार? तू बांगडे कर."

खोटं बोलायला गोदूबाईला कधी अडचण आली नव्हती, पण आतापर्यंत ती खोटं बोलायची ती दुसऱ्यांच्या बाबतीत.

दिवेलागणीला पट्टी काढली. रावजीनं अंगणाकडे बघितलं, मग वर बघितलं, मग खाली.

"गोदे, डोळ्यात काहीतरी आहे."

"काय?"

"काळं. मण्याएवढं. मी बघीन तिकडे पळतंय."

हफीजाबाईचं अर्धं वाक्य गोदूबाईच्या कानाशी आलं होतं, नाही असं नाही. पण आपण अर्धं ऐकलं आणि पुरं विचारलं नाही, हे कबूल करायचं, त्यापेक्षा डोळ्यात कुसळ आहे हे कबूल करणं सोपं होतं. कुसळ तिच्या ओळखीचं होतं.

"कापसाचा धागा राहिला असेल दवाखानेवाल्यांचा. बसा इथं."

"अगो, सुई मारलेय आज. राहू दे."

"पन्नास वर्षं…" ती म्हणाली, आणि रावजीनं मान मागे केली. अठ्ठेचाळीस वर्षांच्या संसारात 'पन्नास वर्षं' ऐकलं, की पुढचं बोलणं वाया जातं, हे त्याला कळून चुकलं होतं.

तिनं चूळ भरली, पापणी उलटली आणि जीभ फिरवली. रावजी कळवळला. तळहातावर काही आलं नाही.

"आहे का अजून?"

"आहे. आता वरच्या बाजूला गेलंय."

दुसऱ्यांदा फिरवली. मणी जागचा हलेना. म्हणजे हलत होता, पण निघत नव्हता. पन्नास वर्षांत असं झालं नव्हतं. सकाळी शेजारची मथुरा ताक न्यायला आली. रावजीला डोळा मिटून बसलेला बघून तिनं विचारलं आणि रावजीनं भोळेपणानं सांगून टाकलं.

"काय सांगता, भावोजी? हिच्या जिभेनं निघालं नाय?" मथुरा ताक विसरून उभी राहिली. "वय झालं गो, गोदू. जीभ बोथट झाली असेल."

हे वाक्य नसतं तर ही गोष्ट कदाचित झाली नसती. पण मथुरेला दोष देऊन काय उपयोग? तिनं एक वाक्य टाकलं. जीभ गोदूबाईनं फिरवली, तिसऱ्यांदा, मथुरेच्या समोर, आणि वर दुधाचे दोन थेंब सोडले, म्हणजे मणी सुटून येईल.

"आई," दमयंती दारातून म्हणाली, "कागदावर घरचं औषध चालतं असं होतं का?"

"नको असं नव्हतं," गोदूबाई म्हणाली. आणि हे तर खरंच होतं, कारण कागदावर काहीच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी रावजी उठला आणि म्हणाला, "गोदे, गेला मणी."

गोदूबाईचा तो दिवस काय वर्णावा! तिनं मथुरेला अंगणातूनच हाक मारली. आडावर गेली, तिथं सांगितलं. पिठाच्या गिरणीत सांगितलं. पोस्टमन पत्र नसताना थांबवला आणि त्यालाही सांगितलं. "इंजेक्शनवाल्यांनी ठेवलेला धागा माझ्या जिभेनं काढला." दाखवायला तळहातावर काही नव्हतं, म्हणून ती नुसताच तळहात पसरून दाखवत होती. लोकही बघत होते.

दुपारी डोळा लाल झाला. संध्याकाळी तो आमसुलाच्या आगळासारखा गडद लाल झाला आणि रावजी कपाळ दाबून बसला. रावजी दुखतंय असं कधी म्हणायचा नाही. अंगठा कापला तेव्हाही 'पट्टी दे' एवढंच म्हणाला होता. आज तो म्हणाला, "दुखतंय."

"आई, जाऊ या दवाखान्यात. शेवटची एस्टी आहे अजून," दमयंती म्हणाली.

गोदूबाई उंबऱ्यात उभी होती. समोरून मथुरा दिवा घेऊन तुळशीकडे येत होती. सकाळी जे गावभर वाटलं, ते संध्याकाळी गोळा करायचं कसं?

"कुसळ निघाल्यावर डोळा लाल होतोच," ती म्हणाली. "सकाळपर्यंत उतरेल."

एस्टी गेली. तिचा आवाज वळणापर्यंत ऐकू येत होता. त्या आवाजाची गोदूबाईनं नंतर इतक्या वेळा आठवण काढली आहे, की ती गाडी तिच्यापुरती अजून त्या वळणावरच आहे.

सकाळी रावजी अंथरुणात उठून बसला. ऊन पडवीत आलं होतं, कोंबड्या अंगणात होत्या.

"गोदे," तो म्हणाला, "उजाडायला उशीर झाला का आज?"

गोदूबाईनं पायात वहाण घातली नाही. वाडीतल्या सदूची रिक्षा तिनं अर्ध्या दाढीवर त्याला उठवून बाहेर काढली. वाटभर ती एक शब्द बोलली नाही. सदू नंतर सांगायचा, "मला वाटलं, म्हातारी गेली की काय. दोनदा आरशात बघितलं."

दवाखान्यात डॉक्टरांनी डोळा तपासला आणि त्यांचा चेहरा उतरला. "आत पू झालाय. कधीपासून?"

"काल दुपारपासून," बरोबर आलेली दमयंती म्हणाली.

"काल का नाही आलात? कागदावर लिहिलं होतं. बरं, डोळ्यात काही घातलं होतं का? पाणी, मध, काही?"

रावजी म्हणाला, "नाय. काय नाय घातलं."

तो तिला वाचवत होता. एक डोळा आधीच गेलेला, दुसऱ्यात पू, आणि हा माणूस बायकोची अब्रू सांभाळत बसला होता. बाहेर बाकावर आठदहा माणसं. दार उघडं. त्यांत हफीजाबाई, थेंबांची बाटली न्यायला आलेली, मान उंच करून ऐकणारी. पन्नास वर्षांची पुण्याई पणाला लागली होती. नवऱ्यानं ती झाकून ठेवलेली. नुसतं गप बसायचं होतं.

गोदूबाईला गप बसणं कधीच जमलं नव्हतं. त्या दिवशी तेवढं उपयोगी पडलं.

"जीभ फिरवली," ती म्हणाली.

"काय?"

"डोळ्यातून जीभ फिरवली मी. तीनदा. आणि दूध घातलं. काळं काढायला." मग दमयंतीकडे न बघता म्हणाली, "कागद वाचला नाय मी. माशात भिजला, मी चुलीत घातला."

बाहेर कुणाच्या तरी हातातल्या डब्याचं झाकण खाली पडलं आणि गोल फिरत बराच वेळ वाजत राहिलं.

डॉक्टर ओरडतील असं तिला वाटलं होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं, तिला उत्तर देता आलं असतं. पण ते सिस्टरला म्हणाले, "तोंडातले जंतू आहेत. त्या हिशेबानं औषध काढा, लगेच. कोल्हापूरला फोन लावा." आणि मग तिला म्हणाले, "सांगितलंत ते बरं केलंत, आजी. नाहीतर अंधारात दगड मारत बसलो असतो."

"ते काळं काय होतं मग?" तिनं विचारलं.

"औषधाबरोबर गेलेला हवेचा बुडबुडा. डोळ्याच्या आत असतो. दोन दिवसांत आपला आपण विरतो."

म्हणजे तिसऱ्या दिवशी जी विरली ती हवा. गोदूबाईनं आपला तळहात बघितला. आडावर, गिरणीत आणि पोस्टमनला तिनं बरोबर तेच दाखवलं होतं.

डोळ्यात पुन्हा सुया झाल्या. मग कोल्हापूरला नेऊन आतला पू साफ केला. बारा दिवसांनी रावजी घरी आला. डोळा राहिला. दिसणं थोडं राहिलं, तेही कडेकडेनं. उजेड दिसायचा, माणूस हलला तर कळायचं, आंब्याचं झाड हाताला लागायच्या आधी दिसायचं. मधोमध मात्र धुकं. ते पाण्याचं किती आणि जिभेचं किती, हे गोदूबाईनं डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, "आता ते मोजून काय करणार?" तेव्हा ती समजली.

घरी आल्यावर तिनं त्याच्यासमोर बसून विचारलं, "मी दिसते का?"

रावजीनं मान जरा वाकडी करून तिला कडेनं बघितलं. "कान दिसतात. खोपा दिसतो. मधलं तोंड दिसत नाय."

आता हा पुढे काहीतरी बोलणार, म्हणून ती थांबली. अठ्ठेचाळीस वर्षांत असा मोका त्याला मिळाला नव्हता. पण तो एवढंच म्हणाला, "ऐकायला येतं की. ओळखू येशील." आणि कोयीच्या रोपांची पाटी शोधायला गेला. ती पाटी त्याच्या पायाशीच होती.

पुढल्या सुया माघ महिन्यात, डोळा निवल्यावर सुरू झाल्या. "उरलंय ते टिकवायला," डॉक्टर म्हणाले. प्रत्येक वेळी दमयंती बरोबर. गोदूबाई दोन्ही हात लुगड्याच्या ओच्यात खुपसून बाकावर बसायची आणि नव्या माणसाला आपणहून सांगायची, "सुईला भिऊ नका, सुई काय करत नाय. काळा मणी दिसला तर दोन दिवस गप बसा. पाणी नको, हात नको, शेजारीण नको. दुखलं, लाल झालं, कमी दिसलं, तर एस्टीची वाटसुद्धा बघू नका, चालत सुटा. आणि कागद कोरड्या पिशवीत ठेवा."

"आजी, तुम्हाला बरीच माहिती," एकानं म्हटलं.

"मी भोगलंय…" ती म्हणाली आणि थांबली. "यांनी भोगलंय."

त्याआधी, त्याच वर्षीच्या झोडणीच्या दिवसांत, मधल्या वाडीतला एक गडी डोळा चोळत पडवीत आला. गोदूबाईनं त्याला पाण्याचा तांब्या दिला आणि म्हणाली, "स्वच्छ पाण्यानं धू. नाय गेलं तर दवाखान्यात जा." तो बिचारा ओशाळला. आपल्याकडून काय चूक झाली ते त्याला कळेना. पडवीतली रांग त्या वर्षापासून संपली.

कलमं मात्र संपली नाहीत. रावजीला चीर दिसत नव्हती, पण बोटांना कळत होती. पुढल्या पावसाळ्यात त्यानं गोदूबाईला समोर बसवलं आणि सुरी तिच्या हातात दिली.

"मला नाय जमायचं."

"दुसरी शिकलीस ना? मग बस."

ती काप घ्यायची, तो बोट फिरवून बघायचा. "जाड झाला. परत." ती परत घ्यायची. "साल भिडली नाय. परत. जीभ कमी चालव, हात चालव." हे वाक्य त्यानं त्या पावसाळ्यात मनसोक्त म्हणून घेतलं आणि तिनं ऐकून घेतलं. पहिल्या शंभरातली अकरा धरली. त्या अकरांना ती रोज सकाळी जाऊन बघायची, पण हात लावायची नाही.

गणपती गेल्यावर उशिराची कलमं बांधत होते. तिनं काडीचा काप घेतला आणि सालीचा एक कण उडून तिच्याच डोळ्यात गेला. सुरी खाली पडली.

"काय झालं?"

"डोळ्यात काय तरी गेलं."

रावजी उठला. चाचपडत तांब्यापाशी गेला, पाणी घेतलं आणि खळखळून चूळ भरली. मग तिच्यासमोर येऊन बसला आणि म्हणाला, "मान मागे कर."

गोदूबाईनं एका डोळ्यानं त्याच्याकडे बघितलं. तो हसत होता. बऱ्याच दिवसांनी हसत होता, आणि ती जिथं नव्हती अशा बाजूला बघून हसत होता.

"दमयंती," ती म्हणाली, "साडी बदल. एस्टीला जायचंय."

दवाखान्यात सिस्टरनं पाण्याच्या पिचकारीनं डोळा धुतला. मिनिटभराचं काम. मग थेंब दिले, कागद दिला. गोदूबाईनं तो दमयंतीकडून दोनदा वाचून घेतला. तिसऱ्यांदा स्वतः वाचला, बोट ठेवून, बाकावर बसून, दुपारची एस्टी चुकेपर्यंत.

येताना बाजारात बांगडे होते. अगदी ताजे. घेतले नाहीत.